एरर आली नाही म्हणजे मॉडेल आले असे नव्हे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

बँका, विमा, दूरसंचार, मोटारींमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अशा क्षेत्रांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेले पुष्कळ सॉफ्टवेअर आजही चालू आहे. त्याच्या देखभालीचे मोठे काम पुण्यामुंबईत चालते. कोड बिघडला तर त्याच दिवशी आरडाओरड होते, म्हणून कोड जपला जातो. त्या कोडमागचा आराखडा, म्हणजे यूएमएल या सॉफ्टवेअर-आराखड्यांच्या प्रमाणित चित्रभाषेतले डिझाइन मॉडेल, बिघडले तर कोणाच्या लक्षात येत नाही. कोणी नवा माणूस त्या आराखड्यावर विसंबून बदल करतो आणि बदल चुकतो, तेव्हा ते उघडकीला येते. जुने मॉडेलिंग टूल बंद करून नवे घेण्याच्या योजनांत ‘जुनी मॉडेल्स इम्पोर्ट करणे’ एवढी एकच ओळ असते आणि तिच्यापुढे दोन-चार दिवस मांडलेले असतात. त्या ओळीच्या जागी काय असायला हवे, हे तपशिलाने सांगण्यासाठी हे पत्र.

उदाहरण रॅशनल रोज (पुढे नुसते ‘रोज’) या जुन्या मॉडेलिंग टूलचे घेऊ, कारण जुन्या मॉडेल्सचा मोठा साठा त्यातच आहे. ओएमजी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने 1997मध्ये यूएमएल 1.1 हे मानक स्वीकारले. ते घडवणारे ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन हे तिघेही तेव्हा रॅशनल कंपनीत होते. साहजिकच रोज हे यूएमएलचे घरचे टूल झाले. 2003मध्ये आयबीएमने रॅशनल ताब्यात घेतली, 2005मध्ये यूएमएल 2.0 आले, पण रोज शेवटपर्यंत यूएमएलच्या पहिल्या पिढीतच राहिले. आज वापरात असलेली आवृत्ती 2.5.1 ही 2017ची आहे. म्हणून रोजमधले मॉडेल पॅपिरसमध्ये, एंटरप्राइझ आर्किटेक्टमध्ये किंवा आयबीएमच्याच रॅशनल सॉफ्टवेअर आर्किटेक्टमध्ये नेताना टूलबरोबर भाषाही बदलते. मोडी लिपीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. बाळबोधीत उतरवणाऱ्याला तो संदर्भ पाहून ठरवावा लागतो. रोजच्या मॉडेलमध्येही अशा बऱ्याच गोष्टी अध्याहृत आहेत आणि नव्या टूलला त्या स्पष्ट लागतात. इम्पोर्ट विझार्ड, म्हणजे नव्या टूलमधली आयात करणारी सोय, त्या अंदाजाने भरतो आणि शेवटी ‘यशस्वी’ असा संदेश दाखवतो.

पहिले काम जुन्या टूलमध्येच करायचे असते, आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. नवे टूल आल्यावर जुन्याचे लायसन्स लगेच सोडून देऊ नये, ते याचसाठी. रोजचे मॉडेल एका एमडीएल फाइलमध्ये असते, पण मोठ्या मॉडेलमधली पॅकेजेस, म्हणजे घटकांचे गट, वेगळी काढून कॅट आणि सब या एक्स्टेन्शनच्या फाइलींत ठेवलेली असतात. त्यांना कंट्रोल्ड युनिट म्हणतात. ही युनिट्स कुठे आहेत हे मुख्य फाइल डॉलर चिन्हाने सुरू होणाऱ्या एखाद्या नावाने सांगते, आणि त्या नावाचा खरा फोल्डर पाथ मॅपमध्ये लिहिलेला असतो. हा पाथ मॅप मॉडेलच्या फाइलीत नसतो, तो ज्याच्या त्याच्या संगणकावर असतो. परिणामी आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या संगणकावरचा पाथ मॅप कोणाकडे नसेल, तर मुख्य फाइल उघडते, पॅकेजची नावे दिसतात आणि आत काहीच नसते. इम्पोर्ट करणारे टूल तेवढेच घेऊन जाते. तेव्हा आधी सर्व युनिट्स लोड करा, एकही रिकामे राहिले नाही याची खात्री करा, मग टूल्स मेनूतली चेक मॉडेल ही तपासणी चालवा. तिच्या लॉगमध्ये न सापडलेल्या संदर्भांची यादी येते. ती शून्यावर आणा. शून्यावर येत नसेल तर उरलेल्या प्रत्येक नोंदीपुढे ‘हे कायमचे हरवले आहे’ असे लिहून संबंधितांची सही घ्या. जे मुळातच नव्हते त्याचे खापर नंतर नव्या टूलवर फोडले जाते, ते यामुळे टळते.

एमडीएल ही साधी मजकूर-फाइल आहे, ही रोजची फार मोठी सोय आहे. कंसांत कंस अशी तिची रचना असते आणि तिला पेटल म्हणतात. प्रत्येक क्लास (एका प्रकारच्या वस्तूंचा साचा), ऑपरेशन (त्याने करायचे काम), असोसिएशन (दोन क्लासमधला संबंध) हा त्यात एक ऑब्जेक्ट, म्हणजे एक नोंद, असतो. सोबत क्विड नावाची सोळांशी अंकांतली ओळख असते. दुसऱ्या घटकाकडे बोट दाखवायचे असेल तर त्याचे नाव आणि त्याचा क्विड दोन्ही लिहिलेले असतात. फाइल वाचता येत असल्याने टूल न उघडताही मोजदाद करता येते: क्लास किती, ॲट्रिब्यूट (क्लासमधली माहितीची घरे) किती, असोसिएशन किती, डायग्राम कोणत्या प्रकारचे किती. मोजताना एक खबरदारी घ्यावी. मॉडेलमधला क्लास आणि डायग्रामवर दिसणारे त्याचे चित्र या दोन वेगळ्या नोंदी असतात. एकच क्लास नऊ डायग्रामवर असेल तर चित्राच्या नोंदी नऊ आणि क्लासची एक. या दोन संख्या एकत्र झाल्या की पुढचा ताळा जमत नाही.

मोजदाद करतानाच दोन याद्या काढाव्यात. पहिली, ॲट्रिब्यूट आणि पॅरामीटर यांच्या टाइपची, म्हणजे तिथली माहिती संख्या, मजकूर की आणखी काही याची. रोजमध्ये टाइप हा नुसता मजकूर असू शकतो. एका मॉडेलवर दहा वर्षांत पंधरा जणांनी काम केले असेल, तर कोणी लहान लिपीत स्ट्रिंग लिहिले, कोणी मोठ्या अक्षराने, कोणी सीस्ट्रिंग, कोणी चुकीचे स्पेलिंग. यूएमएल 2मध्ये टाइप हा मॉडेलमधला खरा घटक असावा लागतो. मग इम्पोर्टर प्रत्येक वेगळ्या स्पेलिंगसाठी एकेक रिकामा घटक निर्माण करतो किंवा टाइप कोरा सोडतो. दुसरी यादी स्टीरिओटाइपची, म्हणजे घटकाचा वर्ग सांगणाऱ्या लेबलची. रोजमध्ये तोही मोकळा मजकूर. यूएमएल 2मध्ये तो प्रोफाइल नावाच्या अशा लेबलांच्या संचात आधी व्याख्या करून मग मॉडेलला लावावा लागतो. एंटिटी हा एकच शब्द तीन स्पेलिंगमध्ये असेल तर तीन स्टीरिओटाइप होतात, आणि ‘सर्व एंटिटी क्लास दाखवा’ म्हटल्यावर त्यांतले थोडेच दिसतात. दोन्ही याद्या रोजमध्येच साफ करा. एमडीएल ही मजकूर-फाइल असल्याने शोधा-बदला पद्धतीने हे जलद होते, मात्र प्रत्येक बदलानंतर फाइल रोजमध्ये उघडते का ते पाहिलेच पाहिजे. एक कंस तुटला तर फाइल उघडत नाही.

सगळेच मॉडेल न्यावे असा हट्टही धरू नये. रोजबरोबर जावाचे जेडीके, मायक्रोसॉफ्टचे एमएफसी यांसारख्या लायब्रऱ्यांचे तयार क्लास मॉडेलमध्ये घालायची सोय होती, आणि ते हजारोंच्या संख्येने पडून असतात. ते काढून टाका आणि नव्या टूलच्या टाइप लायब्ररीला जोडून घ्या. रोजच्या डेटा मॉडेलर या सोयीने काढलेली डेटाबेसची टेबलेही नेऊ नयेत, असे आमचे ठाम मत आहे. डेटाबेस चालू आहे. त्यावरून नव्या टूलमध्ये रिव्हर्स इंजिनिअरिंग करून टेबलांचे आजचे खरे चित्र मिळते. जुन्या मॉडेलमधले टेबल बहुधा कधीचेच मागे पडलेले असते. याउलट युज केस (प्रणाली कोण कशासाठी वापरतो याच्या नोंदी), त्यांच्यासोबतचे सिक्वेन्स डायग्राम (संदेशांचा क्रम दाखवणारी चित्रे) आणि ऑपरेशनवर लिहिलेल्या पूर्वअटी-उत्तरअटी कोडमधून परत काढता येत नाहीत. वेळ कमी असेल तर तो त्यांनाच द्यावा.

पाठवणी कोणत्या वाटेने करायची? एक वाट एक्सएमआयची. ही मॉडेलच्या देवाणघेवाणीसाठीची ओएमजीची फाइल-पद्धत आहे. रोजमधून एक्सएमआय काढण्यासाठी युनिसिस कंपनीचे ॲड-इन वापरले जाई. नाव मानकाचे असले तरी यूएमएलची आवृत्ती आणि एक्सएमआयची आवृत्ती यांच्या जोड्या अनेक आहेत, आणि एका टूलची जोडी दुसऱ्याला वाचता येईलच असे नाही. शिवाय त्या पिढीच्या एक्सएमआयमध्ये डायग्रामची मांडणी मानकाचा भाग नव्हती. प्रत्येक टूल ती आपल्या विस्तारात आपल्या पद्धतीने लिही. म्हणून कित्येकदा क्लास सगळे येतात आणि डायग्राम एकही येत नाही. यूएमएल 2.5च्या मानकात डायग्रामच्या देवाणघेवाणीचे परिशिष्ट आहे, पण ते थोड्याच टूलनी अमलात आणले. दुसरी वाट थेट फाइल वाचणाऱ्या इम्पोर्टरची. रॅशनल सॉफ्टवेअर आर्किटेक्टमध्ये रोजचे मॉडेल घेणारा विझार्ड आहे. तो एमडीएल वाचून ईएमएक्स प्रकारची फाइल तयार करतो. एक्लिप्सचे मोफत टूल पॅपिरस पुढे ती ईएमएक्स आणि तिच्याबरोबरची ईपीएक्स ही प्रोफाइल-फाइल आयात करू शकते. एंटरप्राइझ आर्किटेक्टलाही ईएमएक्स घेता येते. डायग्राम हवे असतील तर ही दोन टप्प्यांची वाट बरी. पहिल्या टप्प्यानंतर थांबून तपासणी करायची, मगच दुसऱ्याकडे जायचे. दोन्ही टप्पे सलग केले की चूक कुठे घुसली ते शोधायला मार्ग उरत नाही.

पॅपिरसचे एक मॉडेल म्हणजे तीन फाइली असतात: यूएमएल, नोटेशन आणि डीआय. पहिलीत अर्थ, दुसरीत मांडणी आणि तिसरीत एकत्र उघडण्याची माहिती. आवृत्ती-नियंत्रणात तिन्ही एकत्र नोंदवल्या पाहिजेत. एकच नोंदवली तर दुसऱ्याच्या संगणकावर डायग्राममधली चित्रे जागेवर राहत नाहीत किंवा पोकळ दिसतात.

आता मुख्य मुद्दा. चित्र बरोबर येते आणि अर्थ फिरतो, अशा जागा ठरलेल्या आहेत. त्या माहीत असल्या तर तपासणी अर्ध्या वेळात होते.

सर्वांत घातक जागा ॲग्रिगेशनच्या, म्हणजे पूर्ण आणि भाग असा संबंध दाखवणाऱ्या, डायमंडची. मोटार आणि चाक यांच्यात डायमंड मोटारीच्या बाजूला असतो; मोटार हे पूर्ण, चाक हा भाग. यूएमएल 1मध्ये ‘हे ॲग्रिगेशन आहे’ ही नोंद पूर्णाच्या, म्हणजे मोटारीच्या टोकावर असते. यूएमएल 2मध्ये तीच नोंद समोरच्या टोकावर, म्हणजे चाक हा ज्याचा टाइप आहे त्या प्रॉपर्टीवर असते. हा बदल लक्षात न घेणाऱ्या कन्व्हर्टरमधून गेलेल्या मॉडेलमध्ये मोटार ही चाकाचा भाग होते. अशा मॉडेलवरून कोड तयार केला तर एक चाक काढल्यावर मोटारच पुसली जाते. पकडायचा उपाय सोपा आहे. यूएमएलचा नियम असा की कंपोझिशनमध्ये (भाग पूर्णाबरोबरच नष्ट होतो अशा पक्क्या ॲग्रिगेशनमध्ये) पूर्णाच्या टोकावरची मल्टिप्लिसिटी, म्हणजे त्या टोकाला किती वस्तू असू शकतात ती संख्या, एकापेक्षा जास्त असू शकत नाही. मॉडेल व्हॅलिडेशन चालवल्यावर या नियमाच्या डझनभर तक्रारी आल्या, तर डायमंड उलटले आहेत असे समजावे. मात्र जिथे दोन्ही टोकांना ‘1’ आहे तिथे हा नियम गप्प बसतो. तेवढी कंपोझिशन्स माणसाने एकेक करून पाहावीत.

मल्टिप्लिसिटीतच आणखी एक खोच आहे. रोजमध्ये ‘अनेक’ लिहायला एन हे अक्षर वापरत: 0..एन, 1..एन. यूएमएल 2मध्ये तिथे * हे चिन्ह लागते. चांगला इम्पोर्टर हा बदल करतो. नाही केला तर एन हे एखाद्या स्थिरांकाचे नाव समजून मजकूर म्हणून तसेच राहते आणि कोड जनरेटर संग्रहाऐवजी एकच संदर्भ निर्माण करतो. शोध चालवून एकही एन उरला नाही हे पाहायला पाच मिनिटे लागतात. त्याच शोधात डॉलर चिन्हांमध्ये ‘अननेम्ड’ आणि पुढे आकडा अशी नावेही शोधावीत. रोज निनावी असोसिएशनला फाइलीत असे तात्पुरते नाव देते, पडद्यावर दाखवत नाही. कच्चा कन्व्हर्टर ते खरे नाव समजतो आणि प्रत्येक रेषेवर छापून टाकतो.

दुसरी घातक जागा ॲक्टिव्हिटी डायग्रामची, म्हणजे कामाचा क्रम दाखवणाऱ्या चित्राची. यूएमएल 1मध्ये ॲक्टिव्हिटी हा स्टेट मशीनचाच (अवस्था आणि त्यांतले बदल यांच्या आराखड्याचाच) एक प्रकार होता. एखाद्या कृतीकडे दोन बाण येत असतील तर त्यांपैकी कोणत्याही एका बाणाने तिथे पोहोचले की कृती सुरू होई. यूएमएल 2मध्ये ॲक्टिव्हिटी टोकनच्या, म्हणजे बाणांवरून पुढे सरकणाऱ्या काल्पनिक खुणांच्या, प्रवाहावर चालते, आणि कृतीकडे येणाऱ्या सर्व बाणांवर टोकन आल्याशिवाय ती सुरूच होत नाही. ‘अर्ज तपासा’ या कृतीकडे एक बाण सुरुवातीकडून आणि दुसरा ‘दुरुस्ती करून परत पाठवा’ या कृतीकडून येतो, असे समजा. जुन्या अर्थाने हा साधा फेरा आहे. नव्या अर्थाने पहिली तपासणी दुरुस्तीची वाट पाहत बसते आणि दुरुस्ती तपासणीची, म्हणजे काम कधी सुरूच होत नाही. चित्र अक्षरशः तेच असते. उपाय असा की कृतीच्या आधी एक मर्ज नोड टाकायचा, दोन्ही बाण त्यात आणायचे आणि त्यातून एकच बाण कृतीकडे न्यायचा. बाहेर जाणाऱ्या बाणांचेही तसेच आहे. कृतीतून थेट दोन बाण निघाले तर नव्या अर्थाने दोन्ही बाजूंचे काम एकदम सुरू होते. निवड अभिप्रेत असेल तर मध्ये डिसिजन नोड हवा आणि प्रत्येक बाणावर अट हवी. मॉडेल फक्त माणसांनी वाचायचे असेल तर हे चालून जाते. त्यावरून सिम्युलेशन किंवा चाचण्या तयार करायच्या असतील तर असा प्रत्येक डायग्राम दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सिक्वेन्स डायग्राममध्ये रोजला आल्ट, ऑप्ट, लूप असे कंबाइन्ड फ्रॅगमेंट (पर्याय, ऐच्छिक भाग आणि पुनरावृत्ती दाखवणाऱ्या चौकटी) माहीतच नव्हते. ‘प्रत्येक खात्यासाठी पुन्हा करा’ असे डाव्या समासात स्क्रिप्ट म्हणून लिहीत. नव्या टूलमध्ये तो मजकूर फार तर टिपणी म्हणून येतो. लूपची चौकट आपोआप होत नाही. ती हाताने घालावी लागते, आणि कोणते संदेश तिच्या आत ते स्क्रिप्टच्या उंचीवरून आणि आशयावरून ठरवावे लागते. येथे त्या विषयाचा जाणकार शेजारी बसल्याशिवाय काम होत नाही. दुसरे, रोजमध्ये संदेशाचे नाव नुसते टाइप केलेले असू शकते, क्लासच्या ऑपरेशनशी न जोडलेले. असे संदेश इम्पोर्टनंतर सिग्नेचरविना, म्हणजे कोणत्याही ऑपरेशनशी न जुळता, राहतात. जोडलेले किती आणि न जोडलेले किती ही संख्या आधी काढून ठेवली तर नंतर तुलना करता येते. कोलॅबोरेशन डायग्रामला यूएमएल 2मध्ये कम्युनिकेशन डायग्राम म्हणतात. नाव बदलले म्हणून तो हरवला असे समजू नये. स्टेट डायग्राम सहसा सुखरूप येतात.

कॉम्पोनंटचा अर्थही सरकला आहे. रोजमध्ये डीएलएल, ईएक्सई अशा प्रत्यक्ष फाइली कॉम्पोनंट म्हणून काढत. यूएमएल 2मध्ये प्रत्यक्ष फाइलीला आर्टिफॅक्ट म्हणतात आणि कॉम्पोनंट म्हणजे इंटरफेससह उभा असलेला तार्किक भाग. इम्पोर्टर कॉम्पोनंटचा कॉम्पोनंटच ठेवत असेल तर कोणते बदलायचे याचा निर्णय आर्किटेक्टने घ्यावा. तसेच, रोजमध्ये दृश्यमानतेचे चार पर्याय होते: पब्लिक, प्रोटेक्टेड, प्रायव्हेट आणि इम्प्लिमेंटेशन. यूएमएलमधला चौथा पर्याय पॅकेज हा आहे. दोन्हींचा अर्थ एक नाही, म्हणून चौथ्या पर्यायाच्या नोंदींची यादी काढून त्यांवरून नजर फिरवावी.

ऑपरेशनच्या तपशिलात रोजने पूर्वअट, उत्तरअट, सिमँटिक्स, अपवाद, वेळ, आकार असे रकाने दिले होते. पूर्वअट-उत्तरअटीला यूएमएल 2मध्ये कन्स्ट्रेंट म्हणून जागा आहे. वेळ आणि आकार यांना थेट जागा नाही. त्यांसाठी प्रोफाइलमध्ये दोन टॅग तयार करून मजकूर तिथे न्यावा. प्रणालीच्या वेगाची मूळ अपेक्षा काय होती, हे कधी कधी फक्त याच रकान्यात लिहिलेले असते. जावा, सी प्लस प्लस, ओरॅकल यांच्यासाठीच्या कोड जनरेशनच्या प्रॉपर्टीज रोजमध्ये प्रत्येक घटकाला शेकड्याने चिकटलेल्या असतात. त्यांतल्या मूळ मूल्यापेक्षा वेगळ्या तेवढ्याच निवडून न्याव्यात, अन्यथा प्रोफाइल इतके फुगते की मॉडेल उघडायलाच वेळ लागतो.

मराठी मजकुराबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. रोज युनिकोडचे टूल नाही. कोणी टिपणात देवनागरी लिहिले असेल तर ते बहुधा श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत. नव्या टूलमध्ये तो फॉन्ट राहत नाही आणि रोमन अक्षरांचा व चिन्हांचा ढीग दिसतो. हा मजकूर गेलेला नसतो, फक्त त्याचे रूपांतर करायचे राहिलेले असते. जुन्या मॉडेलमध्ये कोणत्या टिपणाला कोणता फॉन्ट लावला होता हे आधी टिपून ठेवा, कारण प्रत्येक फॉन्टचा संकेत वेगळा आहे आणि चुकीचा रूपांतरक लावला तर मजकूर खरोखरच नासतो. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत.

मॉडेल एकटे नसते, हेही विसरले जाते. रेक्विझिटप्रो या टूलमधल्या गरजा रोजच्या युज केसला जोडलेल्या असतात. सोडा या अहवाल-टूलच्या टेम्प्लेटमधून वर्डचे अहवाल निघत असतात. क्लिअरकेस या आवृत्ती-नियंत्रणाच्या टूलमध्ये प्रत्येक युनिटचा इतिहास असतो. रोज स्क्रिप्टमध्ये लिहिलेली छोटी कामे असतात. यांपैकी एकही गोष्ट मॉडेलबरोबर आपोआप येत नाही. दुवे परत जोडायचे असतील तर जुना क्विड प्रत्येक घटकावर टॅग म्हणून जतन करणे हा एकमेव भरवशाचा मार्ग आहे. नाव बदलते, पॅकेज बदलते, नव्या टूलची ओळख वेगळी असते. जुना क्विड हाताशी असेल तर दहा वर्षांनंतरही जुन्या अहवालातली ओळ नव्या मॉडेलमधल्या घटकापर्यंत नेता येते.

आता ताळा. आधीच्या आणि नंतरच्या संख्या शेजारी मांडाव्यात: पॅकेज, क्लास, ॲट्रिब्यूट, ऑपरेशन, प्रत्येक प्रकारचे संबंध, युज केस, प्रत्येक प्रकारचे डायग्राम. समजा जुन्यात 412 क्लास होते आणि नव्यात 438 आले, तर वाढलेले 26 बहुधा टाइपसाठी निर्माण झालेले रिकामे घटक असतात. संख्या कमी झाली तर एखादे युनिट लोड झालेले नव्हते हा पहिला संशय. फरकाचे कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. संख्या जुळल्या तरी संबंधांची दिशा जुळली असे होत नाही, म्हणून प्रत्येक इन्हेरिटन्स (वारसा) आणि डिपेंडन्सी (अवलंबन) ‘कोणाकडून कोणाकडे’ अशा दोन रकान्यांत काढून दोन्ही याद्यांची यंत्राने तुलना करावी. यानंतर डायग्राम. रोजमधला प्रत्येक डायग्राम सुरुवातीलाच चित्र म्हणून काढून ठेवलेला असावा. वेब पब्लिशरने सगळे मॉडेल एचटीएमएलमध्येही निघते. मग दोघांनी बसावे, एकाने जुन्या चित्रावरून वाचावे, दुसऱ्याने नव्यावर खूण करावी. नव्या टूलमध्ये अक्षरांचे आकार वेगळे असल्याने चौकटी मोठ्या होऊन एकमेकींवर चढतात, रेषांची वळणे बदलतात. तिथे ऑटो लेआउटचे बटण दाबायचा मोह आवरावा. डायग्राममध्ये कोणता क्लास वर, कोणता मध्यभागी यातही आर्किटेक्टने काही सांगितलेले असते. चौकटी हाताने सरकवाव्यात.

हे सगळे पूर्ण मॉडेलवर एकदम करू नये. पन्नास-साठ क्लास आणि दहा-पंधरा डायग्राम असलेले एक पॅकेज निवडावे, ज्यात वर सांगितलेले सगळे प्रकार आहेत. ते तीनदा न्यावे, दर वेळी चुका जुन्या टूलमध्ये किंवा इम्पोर्टच्या सेटिंगमध्ये दुरुस्त कराव्यात, नव्या मॉडेलमध्ये हाताने नव्हे. हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या इम्पोर्टमध्ये पुसली जाते. मर्ज नोड, लूपची चौकट अशा ज्या दुरुस्त्या हातानेच कराव्या लागतात, त्या शेवटच्या इम्पोर्टनंतरच सुरू कराव्यात. त्या काळात जुने मॉडेल गोठवलेले असावे. दोन्हीकडे बदल चालू राहिले तर ते नंतर जुळवणे जवळपास अशक्य होते.

टूल तेच आणि फक्त आवृत्ती नवी असली तरी निश्चिंत राहू नये. एंटरप्राइझ आर्किटेक्टच्या जुन्या ईएपी फाइली मायक्रोसॉफ्टच्या जेट डेटाबेसच्या असतात. सोळाव्या आवृत्तीपासून टूलचे 64 बिटचे रूप आले आणि त्यासाठी क्यूईए ही एसक्यूलाइटवर आधारित फाइल आली. आधी जुन्या फाइलीवर प्रोजेक्ट इंटिग्रिटीची तपासणी चालवावी, मग प्रोजेक्ट ट्रान्सफरने नव्या रिकाम्या फाइलीत न्यावे. मॉडेल नीट जाते. मोडतात ते सोबतचे शोध आणि अहवाल. जेटमध्ये ‘काहीही’ या अर्थी * लिहीत, एसक्यूलाइटमध्ये % लागते. जुना शोध एरर देत नाही, निमूटपणे शून्य ओळी देतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की अशी गरज कोणी नोंदवलीच नव्हती. म्हणून सर्व जतन केलेल्या क्वेरी उघडून पाहाव्यात. हॅश चिन्हांमध्ये डब्ल्यूसी अशी खूण टूल देते. ती वापरली तर दोन्ही डेटाबेसमध्ये चालते. 32 बिटसाठी बांधलेली ॲड-इन्सही नव्याने बांधून नोंदवावी लागतात.

हा विषय आत्ता मांडण्याचे कारणही आहे. ओएमजीने 2025मध्ये सिसएमएल 2 हे यंत्रप्रणालींच्या आराखड्यांच्या भाषेचे मानक स्वीकारले. आधीचे सिसएमएल यूएमएलचे प्रोफाइल होते. नवे तसे नाही, ते केईआरएमएल या वेगळ्या पायावर उभे आहे आणि चित्राबरोबर मजकुराच्या रूपातही लिहिता येते. ब्लॉकच्या जागी पार्टची व्याख्या आणि पार्टचा वापर अशी जोडी आली आहे. पहिल्या आवृत्तीवरून दुसरीत जाण्याचे रूपांतर-नियम मानकाबरोबरच दिलेले आहेत, जे रोजच्या वेळी नव्हते. वाहन आणि संरक्षण क्षेत्रांत येत्या काळात अशा रूपांतरांची कामे निघतील. त्यांच्या अंदाजपत्रकात जुने मॉडेल साफ करण्याचा आणि ताळा घेण्याचा वेळ इम्पोर्टच्या वेळापेक्षा जास्त धरलेला असावा.

सरकारी प्रणालींसाठी आमची एक ठोस सूचना आहे. ई-गव्हर्नन्समध्ये खुली मानके वापरण्याचे केंद्र सरकारचे धोरण 2010पासून आहे. यूएमएल 1.4.2 आणि 2.4.1 या आवृत्त्या आयएसओची मानके म्हणूनही प्रसिद्ध झालेल्या आहेत. तरी निविदेत ‘डिझाइन दस्तऐवज सादर करावेत’ एवढेच लिहिले जाते आणि ठेकेदार पीडीएफमधली चित्रे देतो. पीडीएफवरून मॉडेल परत उभे करता येत नाही. निविदेत मूळ मॉडेल-फाइल तिच्या सर्व युनिट्ससह, एक्सएमआय प्रत यूएमएलच्या आणि एक्सएमआयच्या आवृत्तीच्या स्पष्ट उल्लेखासह, वापरलेली प्रोफाइल्स, सर्व डायग्रामची चित्रे आणि घटकांची मोजदाद हे सर्व मागावे. एक्सएमआय प्रत ठेकेदाराच्या टूलपेक्षा वेगळ्या टूलमध्ये उघडून दाखवणे ही अंतिम हप्त्याची अट असावी. टूल निवडतानाही, ओएमजीच्या मॉडेल इंटरचेंज वर्किंग ग्रुपने एक्सएमआयच्या देवाणघेवाणीसाठी तयार केलेली चाचणी-मॉडेल्स विक्रेत्याला समोर उघडायला सांगावीत. या तपासणीला एक दिवस पुरतो.

आपले,
सॉफ्टवेअर डिझाइन मॉडेल्सवर काम करणारे काही अभियंते, पुणे